डी लायसन्सवाला भाऊ

वेसूच्या एका शाळेला लहान मुलांसाठी फुटबॉल कोच हवा होता. आमच्या लिंबायतमध्ये ही बातमी कुणाला खरी वाटेना. खानदेशातून सुरतेला आलेला माणूस लूमवर उभा राहतो, नाहीतर मार्केटात पार्सलं बांधतो. आईने तर सरळ अहिराणीत विचारलं, "चेंडू शिकाडाना बी पैसा भेटतस का रे?"

मुलाखतीची तयारी मी जय्यत केली होती. 4-3-3 म्हणजे काय, प्रेसिंग कधी करायचं, सगळं तोंडपाठ. त्यातलं कुणी काहीही विचारलं नाही.

समोर तिघं. रिंगरोडवर साड्यांचा धंदा असलेले ट्रस्टी शेठ, प्रिन्सिपल मॅडम आणि शेवटपर्यंत मोबाइलमधून मान वर न केलेले एक गृहस्थ. शेठनी फाइल उघडून माझ्या सर्टिफिकेटवर बोट ठेवलं.

"भाऊ, डी?"

"अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स आहे, साहेब."

"मार्क कमी पडले?"

मी शिडी समजावून सांगितली: डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. शेठना शिडी पटली, माझी पायरी काही पटेना. "आईबाप एवढी फी भरतात, त्यांना डी कसा दाखवायचा? ब्रोशरमध्ये नुसतं 'लायसन्सवाला कोच' छापू."

मग गाडी मालावर आली. मोठी माणसं खेळतात तो पाच नंबरचा बॉल, चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा. सहा-सात वर्षांच्या पोरांना तीन नंबरचा द्यायचा, असं मी म्हणालो. "म्हणजे स्वस्त पडेल," शेठ पहिल्यांदाच हसले. पण या वयात एका बाजूला पाचच खेळाडू ठेवतात, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो, हे ऐकून पुन्हा गंभीर झाले. अकराच्या जागी पाच? बाकीच्या सहांची फी कोण देणार? त्याच मैदानात चार छोटे सामने एकदम चालतात, म्हणजे चाळीस मुलं, हा हिशेब मांडल्यावर त्यांनी मॅडमना तो लिहून घ्यायला लावला.

मॅडमची काळजी वेगळी होती. डोक्याला बॉल लागला तर? अमेरिकेत 2015 पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदीच आहे, मीही शिकवणार नाही, असं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पालकांची अडचण डोकं फुटण्याची नसते, संध्याकाळची ट्यूशन बुडण्याची असते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं.

वातावरण निवळलेलं पाहून मी इतिहास काढला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत फुटबॉलमध्ये चौथा आला होता; आपल्या मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. शेठ म्हणाले, "चौथा म्हणजे मेडल नाही." मी म्हणालो, त्या संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर होते. यावर मॅडम एकदम सावरून बसल्या. "मग तुम्ही गणिताचा प्रॉक्सी घेऊ शकाल?"

शेवटी प्रात्यक्षिक. उत्तरायण जवळ आलेलं, मैदानावर पतंगांची सावली. शिट्टी वाजताच दोन्ही संघांची पोरं रविवार सकाळच्या सुरती लोच्याच्या नाश्त्याच्या गाडीभोवती गर्दी पडावी तशी बॉलवर तुटून पडली. बॉल त्या गर्दीतून कधीच बाहेर निसटला होता, पण गर्दीला पत्ता नव्हता. गोलकीपर आभाळाकडे बघत "काप्यो छे!" म्हणून ओरडला आणि तेवढ्यात बॉल त्याच्या पायांमधून आत गेला. गोल खाल्ल्याचं त्याला दुःख नव्हतं. लाल पतंग कापला गेल्याचा आनंद मोठा होता.

कोपऱ्यात एक मुलगा हुंदके देत उभा होता. शेठनी विचारलं, "ह्याचं काय करणार?" मला वाटतं, अख्ख्या मुलाखतीतला फुटबॉलचा खरा प्रश्न हाच. सात वर्षांचं पोर रडतं तेव्हा बहुतेक वेळा कारण पायात असतं. मी खाली बसलो. लेस सुटली होती, बुटात मूठभर वाळू. वाळू झटकली, दुहेरी गाठ मारली. पोरगं नाक पुसत गर्दीत घुसलं.

शेठ मॅडमकडे वळले. "लेस बांधता येते ह्याला."

नेमणूकपत्र आठवडाभरात आलं. कामाचं स्वरूप: सकाळची प्रार्थना, बस ड्यूटी, अॅन्युअल डेची कवायत, गणित (गरजेनुसार), फुटबॉल (वेळ उरल्यास). सही करण्याआधी मी एकच अट घातली: तीन नंबरचे बॉल आधी आणायचे. शेठ म्हणाले, "डझनाचा भाव काढ, भाऊ."