जंगल बघायचंय? खाली वाका!

संरक्षित जंगल आणि जोडीला खाडी बघायला लोक कोकणात धावतात. कशाला? आमच्या नंदुरबारला या. समुद्र नाही म्हणून हिरमुसू नका, सरकारनं सोय केली आहे. सरदार सरोवराचं पाणी सातपुड्याच्या दऱ्यांत असं घुसलंय की मणिबेलीला उभं राहून कुणीही खाडीच म्हणेल. भरती वर्षातून एकदाच, आणि तीही चंद्राला नाही, धरणाच्या दरवाजांना विचारून येते.

जंगल कुठाय म्हणता? खाली वाका. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं बुडितात गेली, सोबत जवळपास साडेसहा हजार हेक्टर वनजमीन. इतका कडक बंदोबस्त राज्यात दुसऱ्या कुठल्या वनाला नसेल. तिथे कुऱ्हाड पोचत नाही, शेळी पोचत नाही आणि वणव्याची तर काय बिशाद! २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरला टेकलं, तेव्हा तिकडे धरणापाशी, केवडियाला उत्सव झाला. इकडे पाणी चढेल तशी माणसं डोंगरावर सरकत होती. पाणी चढलं तो विकास. माणूस चढला ते अतिक्रमण.

आता त्या माणसानं वनहक्काचा दावा करावा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय, एवढंच दाखवायचं. नियमांत म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, जुनी विहीर चालते, बांधही चालतो. टेबलावर मात्र कागदच लागतो. आणि बांध पाण्याखाली असला तर? साहेबांना बोटीतून न्यावं. साहेबांना पोहता येत नसेल तर पुढची तारीख.

ज्यांना कोरडं जंगल लागतं, त्यांनी तोरणमाळ गाठावं. तिथे राखीव वनात शिरायला आजोबांचा जबाब लागत नाही, गाडी लागते. सीताखाईच्या कड्यावर सेल्फी, यशवंत तलावाकाठी डीजे, शेजारी 'शांतता राखा'ची पाटी. पाटीला टेकून बसायला बरं पडतं. घाटात एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन दिसली, की गाडीतले निसर्गप्रेमी कळवळतात, "याच लोकांनी जंगल खाल्लं!"

संध्याकाळी चिकन भाजायला सरपण लागतं. तीच मोळी उतरवली जाते. बाई शंभर सांगते, निसर्गप्रेमी पन्नासवर अडतात, शेवटी साठात सौदा पटतो.

"आणि मावशी, जरा वाळकी बघून दे. ओल्याचा धूर होतो, पर्यावरणाला वाईट."