प्रोसेसर झोपेत गेला तर : नवशिक्यांसाठी

मशीन गोठलं की आधी कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागला तर मशीन जिवंत आहे, मॉनिटरची वायर तपासा. नाही लागला तर अभिनंदन, या विद्येत तुमचा प्रवेश झाला.

आता लक्षण ओळखा. रात्रभर कर्नल कंपाइल होताना मशीन ठणठणीत, आणि काम संपून जरा निवांत झालं की गपगार. काम नसलं की लिनक्स प्रोसेसरला झोपवतं. सी१ ही डुलकी, सी६ ही गाढ झोप. तिच्यात कोरची वीजच तोडलेली असते. काही प्रोसेसरना तिथून परत येणं जमत नाही.

लॉग उघडू नका. शेवटच्या ओळीत सगळं आलबेलच दिसेल. गोठलेला प्रोसेसर तक्रार लिहिणार कशी? अडकलेला प्रोसेसर पकडणाऱ्या एनएमआय वॉचडॉगवरही भिस्त नको. तो सहसा प्रोसेसरची जागेपणीची चक्रं मोजून आरोळी ठोकतो. झोपेत चक्रं मोजलीच जात नाहीत, म्हणजे राखणदारही शेजारीच आडवा. झोपेचा हिशोब दाखवणारं टर्बोस्टॅट दर सेकंदाला चालवलंत तर कदाचित मशीन लटकणारच नाही, कारण तुम्ही त्याला सारखं उठवताय. याला दुरुस्ती समजू नये. (समजणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची मशीनं चालू असतात.)

कर्नलमध्ये हात घालायची हौस असेल तर एसटीआय आणि एचएलटी या जोडीला जपा. पहिली सूचना इंटरप्ट उघडते, दुसरी झोपवते. एसटीआयचा परिणाम एक सूचना उशिरा होतो, म्हणून दोघींच्या मधे इंटरप्ट शिरत नाही. कुणी हौसेनं मधे एखादी ओळ घातली, की उठवायला आलेला इंटरप्ट तिथेच येऊन जातो आणि प्रोसेसर त्यानंतर शांतपणे आडवा होतो. टायमरची टिकटिकही बंद असेल तर बसा वाट बघत.

एरवी सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फायलींत, जाऊन झोपेच्या सर्वांत गाढ टप्प्यापासून एकेक टप्पा बंद करत या. बे ट्रेल चिपवाल्यांनी झोपेची मर्यादा, म्हणजे मॅक्स सीस्टेट, १ वर बांधून दिवस काढले. २०१७ च्या रायझन प्रोसेसरवाल्यांना बायोसमध्ये 'टिपिकल करंट आयडल' निवडून सुटका मिळाली.

काहीच लागू पडलं नाही तर कर्नलच्या बूट ओळीत आयडल=पोल लिहा. प्रोसेसर झोपणारच नाही, रिकाम्या चकरा मारत तापत राहील. लॅपटॉप असेल तर आधी मांडीवरून उतरवा.