भिंतीपलीकडचा सराटा

आमच्या आरमोरीच्या घरातली सयपाकखोलीची भिंत बाबांनी १९६१ साली बांधली, तेव्हा ती चांदा जिल्ह्यात उभी होती. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं आणि भिंत चंद्रपूर जिल्ह्यात आली. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ती तसूभरही न हलता गडचिरोलीत येऊन पोचली. बसल्या जागी तीन जिल्हे हिंडलेली ही भिंत गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या दोन पोरांनी दुपारच्या जेवणाआधी पाडली. दीड हात जाडीची मातीची भिंत, पण पडताना तिनं फारसा आवाजही केला नाही. थकलेलं माणूस खाटेवर टेकावं तशी हुश्श करून खाली बसली आणि तिच्या अंगावरची साठ वर्षांची काजळी हलकेच उठून देवघराकडे निघून गेली.

भिंत पाडायची कल्पना मुलीची. ती पुण्याला असते आणि तिथून आमच्या घराकडे, नदीच्या पलीकडून गुरं मोजावीत तशी, दुरून पण काळजीनं पाहत असते. तिनं मोबाइलवर ओपन किचनचे फोटो दाखवले. पांढराशुभ्र ओटा, वर लोंबणारे तीन दिवे, आणि ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबांची रास. माणूस मात्र एकाही फोटोत नव्हतं. आईनं चष्मा पुसून सगळे फोटो नीट पाहिले आणि एकच शंका काढली, "येवढे लिंबू एकदम कोन आनते?" वर चिमणी बसवायची म्हटल्यावर ती म्हणाली की चिमणी तर पहिल्यापासूनच होती, कवेलूंच्या खाली, दरवर्षी घरटं करायची. मधोमध एक आयलंड करू, असं मुलगी म्हणाली तेव्हा मात्र मीच दचकलो. मास्तरकीची काही वर्षं मी भामरागडला काढली आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की अख्खं गावच बेट होतं, आणि अशा बेटावर डाळ-तांदळाचा हिशेब करत बसलेल्या माणसाला घरात हौसेनं बेट करून घेण्यातली गंमत जरा उशिराच कळते.

खरं सांगायचं तर भिंत पाडायला हवीच होती. ती खोली म्हणजे घराच्या पोटातला अंधार होता. उजेडाची सोय म्हणाल तर चुलीवरची दोन कवेलं सरकवून केलेलं धुराडं, आणि माजघराकडच्या भिंतीत तळहाताएवढा एक झरोका. मे महिन्यात आमच्या बाजूच्या ब्रह्मपुरीचं तापमान पंचेचाळीसच्या पुढे गेल्याची बातमी आम्ही माजघरात पंख्याखाली वाचायचो, आणि त्याच वेळी आई पलीकडे चुलीपुढे बसून भाकरी थापत असायची. तिथलं तापमान कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची नाहीत. आई फुंकणीनं फुंकायची, धूर उलट तिच्याच तोंडावर यायचा, आणि लाल डोळे पुसत ती ताटं वाढायची. त्या डोळ्यांचं कारण धूरच आहे, हे आम्ही इतक्या खात्रीनं धरून चाललो होतो की दुसरं काही कारण असेल का, असं विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मुलीनं मला या विषयाचा इतिहासही सांगितला. पोरं शिकली की घरातल्या प्रत्येक वस्तूला इतिहास फुटतो. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की नावाच्या व्हिएन्नाच्या बाईनं फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात इवल्याशा जागेत शेकडो ताटं कशी तयार होतात, ते पाहून बेतलेलं. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा, हा हेतू. अशी स्वयंपाकघरं हजारांनी बांधली गेली. ही बाई एकशे दोन वर्षं जगली, आणि पुढे तिनं मोकळेपणानं सांगून टाकलं की तो आराखडा काढेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता. हे ऐकून मला तिच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. आमच्या सयपाकखोलीचा नकाशा बाबांनी काढला होता, आणि त्यांना चहासुद्धा करता येत नसे. तरी फ्रँकफर्टच्या त्या बाईला निदान आपल्याला काय येत नाही ते ठाऊक होतं.

ठरलं सगळं. आईला विचारायचं राहिलं होतं, म्हणून शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "पाडाची तर पाडा. पन मंग मी हासू कुठं?"

तेव्हा आम्ही हसलो. तिचा प्रश्न खरा आहे, हे कळायला भिंत पडावी लागली. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला हे लवकर कळायला हवं होतं. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटकं होतात. वडशाच्या मंडळ्यांना त्या दिवसांत श्वास घ्यायला उसंत नसते. लहानपणी रेंगीत बसून बाबांबरोबर मी कितीतरी नाटकं पाहिली. पण खरी ओढ नाटकाची नसायची, पडद्यामागची असायची. आम्ही पोरं हळूच मागे जाऊन कनातीच्या फटीला डोळा लावायचो. समोर जिच्या दुःखानं बायाबापड्या पदर डोळ्यांना लावून बसल्या आहेत, ती राणी आत कंदिलाशी बसून चिवडा खात असायची. राजा मिशी चिकटवायला डिंक शोधत असायचा. त्या फटीतून पाहिलेलं नाटक मला अजून आठवतं, समोरून पाहिलेलं एकही नाही. आमची सयपाकखोली ही घराची तशी मागची बाजू होती. पाहुण्यांसमोर "या, बसा, खूप दिवसांनी आलात" म्हणणारी आई पदर सावरत आत जायची आणि भिंतीआड काकूबरोबर त्याच पाहुण्याच्या चालीची नक्कल करून, तोंडात पदर कोंबून हसायची. दूध नासलं का ते हुंगणं, हातातून निसटलेली भाकर फुंकून परत ताटात ठेवणं, लहान जावेला रडू देणं, मोठीनं रडून घेणं हे सगळं त्या भिंतीमागचं. भिंत पाडताना आम्ही उजेड आणि वाऱ्याचा हिशेब केला. कनातीचा केलाच नाही.

भिंत पडली त्या संध्याकाळी आई ढिगाऱ्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. झरोक्याची लाकडी चौकट मिस्त्रीनं सांभाळून काढून ठेवली होती. सागवानाची होती म्हणून, दुसरं काही नाही. ती मांडीवर घेऊन आई म्हणाली की यातून ती पाहुण्यांचे पाय मोजायची. पाय, कारण चेहरे दिसायला झरोका फार खाली होता. चार पाय म्हणजे दोन माणसं, लोंबकळणारे दोन पाय म्हणजे एक लेकरू. मग तांदळाचा डबा पाहायची आणि सराट्यानं गंजाच्या काठावर वाजवायची. पुण्याकडे ज्याला उलथनं म्हणतात, तोच हा सराटा. दोनदा वाजला की बाबांनी म्हणायचं, "आता जेवूनच जा." एकदाच वाजला की चहावर भागवायचं आणि हवापाण्याच्या गोष्टी काढायच्या. तो आवाज मी हजारदा ऐकला होता. सराट्याला चिकटलेलं पिठलं आई झटकून टाकते आहे, असं मी साठ वर्षं समजत आलो होतो.

मी विचारलं, "आई, एकदाच किती वेळा वाजवला असशील?"

ती चौकटीवरची काजळी बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "दोनदाच वाजवाची मी. एकदा वाजवला असता तं तुह्या बापाले मान खाली घालाव लागली असती." आणि थोड्या वेळानं, जणू हिशेबातली उरलेली चिल्लर परत करावी तसं, "वरनात पानी घालता येते ना. आन मागून जेवनाऱ्याचं ताट कोन पाहाते?"

भामरागडला मी ज्या माडिया घरी पाहुणा म्हणून जेवलो होतो, तिथं चूल अंगणात होती. तीन दगड आणि वर एक भांडं. भांड्यात किती आहे ते मला दिसत होतं, मी किती घेतो ते त्यांना दिसत होतं, आणि त्यातलंच सगळ्यांना मिळालं. तिथं झाकायचं काही नव्हतं, म्हणून भिंतही नव्हती. आम्ही दीड हात जाडीची भिंत बांधली. मास्तरांच्या घरात तांदूळ कमी असू शकतो, ही गोष्ट एवढ्याशा जाडीत मावत असे.

आता घर मोकळं झालं आहे. स्वयंपाक करणाऱ्या माझ्या बायकोला टीव्ही दिसतो आणि टीव्ही पाहणाऱ्या मला, बायको एकटी भांडी घासते आहे, हेही दिसतं. त्यामुळे मी उठतो. ओपन किचनचा हा फायदा कुठल्याच फोटोत दाखवलेला नव्हता. तोटे म्हणाल तर मिरचीची फोडणी बसली की बैठकीतले सगळे एका सुरात शिंकतात, बातम्या सांगणारी बाई आणि कुकरची शिटी एकमेकींचं बोलणं तोडतात, आणि सोफ्याच्या उशांना हिवाळाभर पोपटाच्या शेंगांच्या भाजीचा वास येतो. पण खरी अडचण पाहुण्यांची होते. समोर बसलेला माणूस पाहतो की डब्यातून चार पसे तांदूळ जास्तीचे निघाले, आणि लगेच म्हणतो, "नको, नको, कशाला!" पूर्वी आग्रह ताटात आयता प्रकट व्हायचा. आता तो धुऊन, निथळून, शिजत घातलेला दिसतो, आणि शिजणाऱ्या आग्रहाकडे कसं पाहावं हे पाहुण्याला कळत नाही.

परवा संध्याकाळी जुने शेजारी आले, लेकीसुनांसह सात माणसं. डबा भरलेला होता, फ्रिजही भरलेला होता. पण बायको दिवसभराची थकलेली होती. तिनं ओट्यापलीकडून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. झाकायला काहीच नसल्यामुळे कुणालाच काही बोलता येईना. चहाचे कप रिकामे झाले. हवापाण्याच्या गोष्टी निघाल्या.

आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिनं डोळे किंचित उघडले, नजर खाली नेली आणि सगळ्यांच्या पायांवरून एकदा फिरवली. मग बाजूच्या तिपाईवरचा चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवला. एकदा. जरा थांबून, पुन्हा एकदा.

"आता जेवूनच जा," मी म्हणालो. आवाज बाबांचा होता, असं बायको नंतर म्हणाली. ते म्हणताना मी उठलो होतो आणि तांदळाचा डबा माझ्याच हातात होता. आईनं पदर तोंडाशी नेला. भिंत नव्हती, म्हणून ती हसताना मला पहिल्यांदाच दिसली.