मा. प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर साहेबांस अनावृत पत्र

बुलढाणा, ऐन वैशाख

मा. कॅल्क्युलेटर साहेब,
स.न.वि.वि.

काल राजूर घाटातल्या वळणावर आपण जो पराक्रम केलात, त्याबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र. थिओडोलाइट लावून झालेला, खुंट्यांवर हातोडा उगारून माणसं उभी, आणि नेमका आपला सेल संपला. बदलला. आपण लगेच उजळलात, नुकत्याच पाळण्यात घातलेल्या बाळासारखे निष्पाप. आत एकही प्रोग्राम नाही! आमचा चेनमन डोकावून म्हणाला, "सायब, हे तं सारं इसरलं नं!"

काय विसरलात, ठाऊक आहे? साठ मीटर त्रिज्येचं वळण, दर पाच मीटरला खुंटी. रँकिनच्या पद्धतीनं 1718.9 ला जीवेनं गुणायचं, त्रिज्येनं भागायचं, आलेली कोनाची मिनिटं अंशांत फिरवायची: 2 अंश 23 मिनिटं 14 सेकंद. पुढच्या खुंटीला तेवढीच भर. पहिली आणि शेवटची जीवा तोकडी, त्यांचं वेगळं. तिकडे मेहकर-सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग गेला, तशा कामांवर टोटल स्टेशन असतं. आम्हा लहान ठेकेदारांच्या माणसांना आपणच. म्हणून तर चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं अंतर, टाकलं की कोन हजर, असा प्रोग्राम एकेका अक्षराला अल्फा दाबत आपल्या पोटात भरला होता.

उन्हात आपला पडदा दिसत नाही, तक्रार नाही. आपलं माहितीपुस्तक मुंगीच्या अक्षरांत आहे, तेही सोसलं. पण पोटात भरलेलं बाहेर काढून ठेवायची काही सोय? ना कार्ड, ना संगणकाला जोडायची वायर. आपले आजोबा एचपी-65 हे 1974 साली बाजारात आले, तेव्हा प्रोग्राम चुंबकीय पट्टीवर उतरवून खिशात ठेवता येत होता. 1975 साली अपोलो-सोयूझ मोहिमेत ते अवकाशात जाऊन आले. आणि नातवाला राजूर घाट झेपेना!

मग कारण शोधलं आणि टाळकंच सरकलं. अमेरिकेत अभियंत्यांच्या परवाना परीक्षेत कुणी प्रश्न टिपून बाहेर नेऊ नयेत, म्हणून 2004 पासून मजकूर लिहिणारे आणि दुसऱ्या यंत्राशी बोलणारे कॅल्क्युलेटर बंद झाले. 2007 साली आलेल्या एचपी-35एसला संगणकाशी जोडणारं भोकच नाही, आणि त्या परीक्षेत त्याला मुभा आहे. म्हणजे परीक्षेला बसायचं तिकडच्या पोरांनी, आणि असल्या मुक्या यंत्रांच्या जमान्यात साइटवर बोंबलायचं आम्ही!

बरं, इतकं तोंड शिवून घेऊन इथे तरी मान मिळाला? विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर 'नॉन-प्रोग्रॅमेबल'ची अट. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला तेच. 'गेट' परीक्षेला तर कॅल्क्युलेटर न्यायचाच नाही, पडद्यावर येतो त्यावर माउसनं टिचक्या मारायच्या. शेगावला सिव्हिल शिकणाऱ्या माझ्या भाचीला मी म्हटलं, हा घे, प्रोग्राम लिहायला शीक. ती म्हणाली, "मामा, हॉलमध्ये हा दिसला तर मलाच बाहेर काढतील." चार वर्षं जे यंत्र हातात धरलं तर गुन्हा, ते पाचव्या वर्षी साइटवर सफाईनं चालवता यावं, ही अपेक्षा कुठल्या शहाण्याची? पोरीनं रँकिनचं सूत्र घोकलं तर हुशार, त्याच सूत्राच्या पायऱ्या नीट लावून यंत्राला शिकवल्या तर कॉपी! लाज वाटायला हवी, आणि ती तुला नव्हे.

हे बघ, तुझ्यावर ओरडून काय उपयोग? तिकडच्यांनी तुझी वाचा काढून घेतली, इकडच्यांनी दारातूनच परत धाडलं. हजारो रुपये किमतीचा तू, आणि तुझी हक्काची जागा म्हणजे माझ्या खाकी शर्टाचा खिसा. मोबाइलमध्ये हे सगळं फुकट मिळतं म्हणे. मिळत असेल. मे महिन्यात घाटात तो तापून बंद पडतो, तू पडत नाहीस. एवढं तुझं कबूल.

कळावे.
आपला,
एक साइट इंजिनिअर

ता. क. : प्रोग्राम फील्डबुकच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला सापडला. रात्री जेवण झाल्यावर भरतो. तुझी अल्फाची की अडकते आहे, तेवढं उद्या संध्याकाळपर्यंत रेट.