'रिलीज_1_2' या टॅगास अनावृत पत्र

रा. रा. 'रिलीज_1_2' यांस,

स. न. वि. वि.

आपले बिऱ्हाड सीव्हीएसमधून गिटमध्ये हलवायला काढले आणि आपण एकाचे दोन निघालात! हलवाहलव करणाऱ्या 'सीव्हीएस2गिट' या साधनाचे म्हणणे असे की, काही फायलींत आपण टॅग आहात आणि काहींत ब्रँच.

आता यात आपला तरी काय दोष? सीव्हीएसमध्ये टॅग अख्ख्या प्रकल्पाला लागतच नाही, तो फायलीगणिक वेगळा नोंदला जातो. एकाने या डिरेक्टरीत साधा टॅग मारला, दुसऱ्याने शेजारच्या डिरेक्टरीत त्याच नावाची ब्रँच काढली, आणि सीव्हीएसने दोघांनाही मान डोलावली. नंतर कुणीतरी चार फायलींपुरते आपल्याला जबरदस्तीने पुढेही सरकवले. जुना टॅग कुठे होता, याचे टिपणसुद्धा फायलीत उरत नाही. एकाच सातबाऱ्यावर इतके फेरफार तलाठ्यालाही पचले नसते.

आपण नक्की कोण, हे ठरवायला ते साधन चक्क मतमोजणी करते! ब्रँचवर कुणी कमिट केलेले असेल, तर आपण ब्रँचच. नसेल, तर जास्त फायली म्हणतील ते. निवडणुकीला ही पद्धत झकास, पण रिलीज बहुमताने झालेली नव्हती. म्हणून आम्ही मतमोजणी बंद करून साधनाचा 'स्ट्रिक्ट' पर्याय लावला आहे. आता प्रत्येक वादग्रस्त नावाचा निवाडा माणूस करणार. ज्या फायलींत आपण टॅग आहात, तिथे साधनाच्या ऑप्शन्स फायलीतून आपले नवे बारसे होईल. नाव आवडले नाही, तर तक्रार टॅग मारणाऱ्याकडे करावी. तो नोकरी सोडून गेला आहे.

आणखी एक. आपल्या फायली वेगवेगळ्या तारखांच्या आहेत. तसा प्रकल्प कोणत्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हता, त्यामुळे गिटमध्ये आपल्यासाठी 'टॅग.फिक्सअप' नावाची तात्पुरती ब्रँच काढून कमिट बनवावे लागेल. ग्राहकाला दिलेली सीडी त्याच्याशी जुळली, तर आपले नशीब.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मायग्रेशन विभाग

ता. क. दोन्ही रूपांत एकाच नावाने राहण्याचा हट्ट असेल, तर गिट तेही चालवून घेते. फक्त 'चेकआउट' म्हटले की ब्रँच उभी राहील आणि 'लॉग' म्हटले की टॅग.