खिडकीची रंगरंगोटी

ईमॅक्स एडिटर घेतलेला माणूस आधी टूलबार घालवतो. मग मेन्यूबार, मग स्क्रोलबार. एवढी झाडलोट झाल्यावर उरतो कोरा चौकोन, आणि त्याला रंग हवाच. ईथन शूनओव्हर यांनी २०११ मध्ये ‘सोलराइज्ड’ नावाची सोळा रंगांची योजना काढली, प्रत्येक छटा मोजूनमापून. भक्तमंडळी ती बसवतात आणि लगेच पार्श्वभूमीचा निळा कणभर गडद करून घेतात.

मग फॉन्ट. फिरा कोडमध्ये उद्गारचिन्हापुढे बरोबरचं चिन्ह टंकलं की दोन्ही मिळून एक देखणं ‘असमान’ चिन्ह दिसतं. त्याचं कोण कौतुक! टर्मिनलमध्ये मराठीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही.

पारदर्शकतेची हौस निराळीच. खिडकीमागचा हिमालय दिसला पाहिजे ना! पूर्वी खिडकीबरोबर अक्षरंही फिकी व्हायची. ईमॅक्सच्या २०२३ मधल्या एकोणतिसाव्या आवृत्तीत फक्त पार्श्वभूमी पारदर्शक करायची सोय आली. आता अक्षरं ठळक दिसतात. ती लिहायला कधी बसायचं, ते थीम ठरल्यावर बघू.

तिकडे जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरच्या वर्डस्टार ४.० या जुन्या प्रोग्राममध्ये हजार-हजार पानांच्या कादंबऱ्या लिहितात. त्यांच्या मालिकेचा पाचवा भाग येऊनही बरीच वर्षं झाली, हे मान्य. पण उशिराचं खापर फोडायला त्या बिचाऱ्यांकडे साधी थीमसुद्धा नाही.