गडग्यावरचं कोटेशन

"काय गो, कालपासून तुझा फोन सारखा वाजतोय. माहेरी सगळं बरं आहे ना?"

गडग्यापलीकडे काकू उभ्या होत्या. हातात शेवग्याच्या शेंगांची परडी, म्हणजे मुक्काम किमान अर्ध्या तासाचा. मी दोरीवर धुणं घालत होते.

"माहेरचे नाहीत हो काकू. खिडक्यांचे फोन आहेत."

"खिडक्यांचे?"

आता सांगणं भागच होतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या पश्चिमेच्या खिडकीची झडप बिजागरीसकट गेली. तेव्हापासून दर मृगाला तिथे प्लास्टिक ठोकतो आणि गणपतीनंतर काढतो. यंदा सहाही खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग करायची ठरली. कोटेशन मिळेल म्हणून मी मोबाइलवर एक फॉर्म भरला. नाव, नंबर, जन्मतारीख, घरात किती माणसं, महिन्याचं उत्पन्न.

"आणि खिडकी केवढी ते?"

"ते विचारलंच नाही."

काकूंनी शेंग काडकन मोडली. "मुलीचं स्थळ असतं तर जन्मतारीख समजले असते. खिडकीची पत्रिका कशाला हवी त्यांना?"

"तेच तर. एकाला स्लायडिंग विकायचंय, तिघांना कर्ज द्यायचंय आणि एक बाई सकाळपासून विमा उतरवा म्हणतेय."

"आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी असाच नंबर दिला होता. मग 1909 ला कळवून ते जाहिरातींचे फोन बंद केले. तो म्हणत होता, 2023 साली कायदा झालाय, कामापुरतीच माहिती मागायची म्हणून. पण तू आपण होऊन सगळं लिहून दिलंस तर कायदा बिचारा काय करणार? बरं, दर तरी कळला का?"

"कळला ना! एकजण 550 रुपये चौरस फूट म्हणाला, दुसरा 480. मी 480 वाल्याला हो म्हणणार आहे."

"480 कशाचे?"

"खिडकीचे."

"अगो, टू ट्रॅक की थ्री ट्रॅक? टू ट्रॅकला दोनच शटर, अर्धीच खिडकी उघडते आणि जाळीला जागा नाही. संध्याकाळी डास आले की मग मला हाक मारशील. सेक्शन जाड की पातळ? काच किती एमएमची? जाळी कसली? दोघांचं एकच असेल तर 480 स्वस्त. नसेल तर तू हापूस आणि रायवळ एका तागडीत घालत्येस."

मी चादर तिसऱ्यांदा झटकली. मापं कुणीच घेतली नव्हती, हे कबूल करायला तोंड उघडेना.

गेल्या वर्षी काकूंकडे स्लायडिंग झाली, तेव्हाची गोष्ट त्यांनी मग तिखटमीठ लावून सांगितली. "तो मिस्त्री आला आणि तासभर नुसते प्रश्न. हे वैतागले. म्हणाले, हा खिडक्या करायला आलाय की जनगणनेला? समुद्र किती लांब, वारा कुठून येतो, पाणी आत येतं ते वरून की खालून, जुन्या चौकटी ठेवायच्या की काढायच्या, आत ग्रिल आहे का, बाहेर शिडी लावायला जागा आहे की परांची बांधावी लागेल. मला म्हणाला, काकू, खिडकी रोज उघडणार कोण? मी म्हटलं, मी. तर कडी माझ्या हाताच्या उंचीला बसवली हो! ह्यांना आता वाकावं लागतं."

"आणि मापं?"

"एकेका खिडकीची रुंदी तीन जागी, उंची तीन जागी. जांभ्याचं घर आपलं, चौकट सरळ कुठली असायला! आमच्या ओटीवरची खिडकी वरती 46 इंच सहा सूत आणि खाली 46 इंच चार सूत. इंचाला आठ सूत, म्हणजे पाव इंचाची गफलत. यातलं कमी असेल ते धरायचं, नाहीतर फ्रेम आत जातच नाही. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टेप लावली. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर काटकोन, नाहीतर चौकट वाकडी. आमच्या सहातल्या चार वाकड्या. बांधली तेव्हा ह्यांचे वडील स्वतः उभे होते देखरेखीला, म्हणून हे तेव्हा काही बोलले नाहीत."

काकू गडग्यावर कोपर टेकून पुढे झुकल्या. खरी बातमी त्या अशीच हळू आवाजात देतात.

"आता पैशाचं ऐक. 46 इंच चार सूत बाय 53 इंच म्हणजे सतरा चौरस फुटांच्या जरासं वर. पण बिलात लिहिलं अठरा. मी विचारलं, तर म्हणतो, माप पुढच्या तीन इंचांना नेतात, 48 बाय 54 धरलंय. सहा खिडक्यांवर 550 च्या दराने तीन हजारांच्या आसपास फरक! पण त्याने आधी सांगितलं होतं, म्हणून मी भांडले नाही. वरचे 18 टक्के जीएसटी दरात आहेत की वेगळे, तेही विचार. साठ हजारांवर ते 10,800 होतात. आणि राडारोडा कोण उचलणार, प्लास्टर कोण करणार, हे लिहून घे. आमच्या मागच्या दारी फुटके चिरे दिवाळीपर्यंत पडले होते, बघितलेस ना?"

बघितले होते. त्यावर दुधीचा वेलही चढला होता.

"म्हणजे काकू, जास्त प्रश्न विचारतो तो बरा?"

"खिडकीबद्दल विचारेल त्याला सगळं सांग. तुझ्याबद्दल विचारेल त्याला नंबरसुद्धा देऊ नकोस. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो, ते विचारणारा हवा. खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं ठेवणारा हवा. तुझा पगार ऐकून त्याला का भोक पाडता येणारेय?"

मी तिथेच धुण्याच्या पिशवीतून वाण्याची यादी काढली आणि तिच्या पाठीवर लिहायला बसले. काकू सांगत होत्या: प्रत्येक खिडकीचा आतून एक, बाहेरून एक फोटो, टेप धरून. कुठली खिडकी कुठल्या दिशेला. आत ग्रिल आहे की नाही. काम कधी हवं, तर सात जूनच्या आत. पत्ता म्हणून फक्त वाडीचं नाव. घर बघायला येईल तेव्हा रस्ता सांगता येतो.

"सहाही झाल्या?" काकूंनी परडी उचलली.

"झाल्या."

"न्हाणीच्या खिडकीपुढे काय लिहिलंस?"

"साधी काच."

"धुरकट लिही."

"अहो, तिकडे कोण बघायला येतंय? तिकडे तर फक्त तुमचं परसू..."

काकू चार पावलं गेल्या होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, "म्हणूनच सांगत्ये. आणि साबणदाणी उजवीकडे आहे, शटर डावीकडून उघडेल असं घे."